लेझरच्या आलेखाला फुटलेले दात

"दिसत नाही तं मोजून राहिली कायले?"

सासूबाईंनी हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तेव्हा मी त्यांच्या ताटात भात वाढत होते. मी म्हटलं, "आई, दिसत नाही म्हणूनच मोजा लागते. दिसलं असतं तर बघूनच समजलं असतं." त्यांना ते काही पटलं नाही. टीव्हीच्या रिमोटमधून जो उजेड निघतो तोही आपल्याला दिसत नाही, माझ्या लेझरचा त्याच्याही पलीकडचा आहे, असं मी सांगितलं. त्यांनी रिमोट उचलला, स्वतःच्या तळहातावर धरून बटण दाबलं, थोडा वेळ बघितलं आणि खाली ठेवला. "ह्याले तं कोणी मोजत नाही," म्हणाल्या आणि वरण मागितलं.

मी गोंदियातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, इटियाडोहच्या कालव्याखालच्या धानाच्या गावातलं. सासर फुलचूरला. तोंडाने मी जरा फटकळ आहे, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मान्य आहे. फक्त सासूबाई माझ्याहून फटकळ असल्याने घरात माझी गणना शांत माणसांत होते.

पीएच.डी. मी उशिरा सुरू केली. मुलगी मोठी झाली, नोकरी पक्की झाली, मग नागपूरच्या सरांकडे नाव नोंदवलं आणि कॉलेजच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत हळूहळू एक लेझर उभा केला. उभा केला म्हणजे काय, प्लायवूडच्या पेटीत काचेची केसासारखी बारीक तार गुंडाळली. त्या काचेत थुलिअम नावाच्या धातूचा अंश असतो. एका टोकाने उजेड आत घालायचा, दुसऱ्या टोकाने वेगळाच, न दिसणारा, इन्फ्रारेड उजेड बाहेर येतो. एवढी गोष्ट जमायला माझी इतकी वर्षं गेली की मध्येच आमच्या शेजारणीने, "मॅडम, तुमचं ते अजून चालूच आहे का?" असं विचारणंही सोडून दिलं होतं.

आता मोजायचं म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. या लेझरमधून एकाच रंगाचा उजेड येत नाही, शेजारशेजारच्या पुष्कळ रंगांचा मिळून येतो. रंग म्हणायचं आपलं, दिसत तर एकही नाही. तो उजेड एका लांबट लोखंडी पेटीत सोडायचा. पेटीत बारीक रेघा कोरलेला आरसा असतो. तो हळूहळू फिरतो आणि एकेक रंग फटीतून बाहेर सोडतो. फटीपुढे सेन्सर बसवलेला. कोणता रंग किती, ते कॉम्प्युटरवर एका रेघेने उमटत जातं. यालाच स्पेक्ट्रम म्हणतात. एक रेघ पुरी व्हायला चहा उकळून, पिऊन, कप विसळून होईल इतका वेळ लागतो. माझ्या लेझरची रेघ टेकडीसारखी यायला हवी होती. दोन्हीकडे सारखा उतार आणि मधे काही अडथळा नाही.

थंडीत घेतलेली टेकडी तशी आलीही होती. फक्त डाव्या उतारावर बारीक बारीक खाचा होत्या. मी त्या सेन्सरची कुरकुर समजून सोडून दिल्या आणि प्रबंध पाठवून दिला. परीक्षकांच्या नजरेतून त्या सुटल्या नाहीत. त्यांनी विचारलं होतं की हे दात लेझरचेच आहेत की मोजणीत आले आहेत? लेझरचे असतील तर हे प्रकरण मागे घ्या, मोजणीचे असतील तर दाखवून द्या.

ते प्रकरण मागे घेतलं असतं तर माझ्या प्रबंधात प्रस्तावना आणि आभार एवढंच उरलं असतं. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत उत्तर गेलं नाही तर नोंदणी संपणार आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. सर फोनवर हळू आवाजात म्हणाले, "बघा, जमेल तेवढं करा." सर हळू आवाजात बोलले की समजायचं, त्यांनी आशा सोडली आहे.

म्हणून मे महिन्यात, कॉलेज रिकामं असताना, मी रोज सकाळी डबा घेऊन वरच्या मजल्यावर जायला लागले. खोलीवर थेट स्लॅब. दहा वाजल्यापासून भिंती हाताला चटके देत. पंखा लावला की काचेची तार हलते, म्हणून पंखा बंद. संध्याकाळी घरी आले की माझ्या चेहऱ्यावर मीठ साचलेलं असे.

"काऊन वं, काय झालं?" सासूबाईंनी एकदा विचारलं. मी चिडलेलीच होते. म्हटलं, "रेघ तुटून राहिली, आई. एकसारखी येतच नाही."

माझं एवढं बोलणं त्यांनी फार मनावर घेतलं. आणि त्यांनी ते कसं घेतलं हे समजायचं तर त्यांचं काम माहीत पाहिजे. लग्न होऊन आल्यापासून डोळे अधू होईपर्यंत त्यांनी बिड्या वळल्या. तेंदूचं पान कोरडं असलं की वळताना तडकतं. म्हणून पानं भिजवायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, आणि मे महिन्यात तर दारालाही ओलं गोणपाट टांगून त्याच्या आड सूप मांडीवर घेऊन बसायचं. माझ्या नवऱ्याची सगळी फी त्या गोणपाटाच्या आडून निघाली आहे. बारीक काम ओल्या हवेतच होतं, कोरड्या हवेत हात लावला की माल वाया जातो, ही त्यांच्या बोटांना झालेली सवय. माझंही काम बारीकच. रेघ तुटते म्हणजे पानासारखीच तडकत असणार, याबद्दल त्यांच्या मनात जराही शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीतला कूलर ऑटोत घालून माझा नवरा कॉलेजात घेऊन आला. सोबत दोन गोणपाटं. "माँ ने बोला है, बस," असं म्हणून त्याने तो खिडकीशी लावला, पाणी भरलं आणि निघून गेला. गोंदियात वाढल्यामुळे तो घाईत असला की हिंदीवर जातो. सासूबाई स्वतः मेच्या उन्हात कूलरशिवाय झोपणार होत्या. मी फोन करून भांडले. "मले सवय हाय," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

काय सांगू, त्या दिवसापासून मला त्या खोलीत जायला आवडायला लागलं. कूलरचा गार वारा पाठीवर, ओल्या गोणपाटाचा वास, खिडकीबाहेर पांढरं ऊन. कूलरचं तोंड मी तारेकडून वळवून माझ्या खुर्चीकडे केलं, म्हणजे तार हलत नाही. दुपारी डबा खाऊन मी तिथेच टेबलावर डोकं टेकून डुलकी घेत असे. इतकी सुखात मी त्या लेझरजवळ कधीच नव्हते.

आणि रेघ मात्र बिघडत चालली. थंडीतल्या बारीक खाचा आता चांगल्या खोल झाल्या होत्या, पाडलेल्या दातांच्या हिरडीसारख्या. मी तारेची टोकं पुन्हा घासली. सेन्सर काढून दुसरा बसवला. आरशाचे स्क्रू तपासले. काहीच नाही. लेझरच मरायला टेकला आहे अशी माझी खात्री व्हायला लागली, आणि घरी मी नवऱ्याशी मीठ कमी पडल्यावरून, टॉवेल ओला ठेवल्यावरून, कशावरूनही भांडायला लागले. सासूबाई मधे पडल्या नाहीत. "पाणी बरोबर भरतं ना वं कूलरमधी?" तेवढं मात्र रोज विचारत. मी रोज काठोकाठ भरत होते.

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. आदल्या दिवशीची उरलेली खीर डब्यात होती, ती मी खात होते. लेझर, मोजायची पेटी आणि कॉम्प्युटर यूपीएसवर, म्हणून ते चालू राहिले. कूलर साध्या प्लगवर, तो बंद पडला. पाचच मिनिटांत खोली भट्टी झाली. मी खिडकीवरचं गोणपाट बाजूला केलं, दार सताड उघडलं आणि बाहेरची कोरडी झळ आत येऊ दिली. मोजायच्या पेटीचं झाकण सकाळपासून उघडंच होतं, आत काही सैल झालंय का बघायला मी काढलेलं. रेघ चालूच होती, ती थांबवायचं माझ्या लक्षात आलं नाही.

खीर संपवून स्क्रीनकडे बघितलं तर दात अर्धे झाले होते.

मी पुन्हा रेघ घेतली. आणखी कमी. तिसरी घेतली, तवर लाइट आली, कूलर घरघरला, आणि रेघेच्या शेवटापर्यंत दात परत फुटायला लागले. मी चमचा हातात धरून उभी होते. मग मी खाली बसले आणि स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. हवेतली वाफ नेमके हेच रंग गिळते, हे मी बी.एस्सी.च्या पोरांना दरवर्षी शिकवते. परीक्षेत विचारते. त्याचे मार्क कापते. लेझरचा उजेड पेटीतल्या हवेतून जात होता, हवेत कूलरचं पाणी होतं, आणि ते पाणी माझी टेकडी कुरतडत होतं. लेझर बिचारा ठणठणीत होता.

मला खूप आनंद झाला. जिना उतरताना मी खरोखर दोन दोन पायऱ्या एकदम उतरले. आणि फुलचूरच्या वळणावर ऑटोत माझ्या लक्षात आलं की घरी जाऊन हे कोणाला सांगायचं आहे.

सासूबाई ओसरीवर भेंड्या चिरत बसल्या होत्या. मी फिरवून सांगायचा प्रयत्न केला. हवेत पाणी असतं, ते उजेड खातं, वगैरे. त्यांनी विळीवरून हात न काढता ऐकलं. मग म्हणाल्या, "सरळ सांग. माह्या कूलरनं तुहं काम बिघडवलं."

"बिघडवलं नाही, आई, ते..."

"होव का नाही?"

"होव," मी म्हटलं.

त्यांनी भेंड्या पुऱ्या चिरल्या, उठल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला पोचायच्या आत नवऱ्याला पाठवून त्यांनी कूलर परत आणवला, गोणपाटांसकट. पण स्वतःच्या खोलीत लावला नाही. अंगणात, पेरूखाली, कोरडा ठेवून दिला. जेवताना मला वाढलं, मुलीशी बोलल्या, टीव्ही बघितला. फक्त माझं काम कसं चाललंय हे विचारलं नाही. आमच्याकडे भांडण झालं की आवाज होतो, मला त्याची सवय आहे. हे नवीन होतं आणि मला अजिबात सहन होत नव्हतं.

काम मात्र पुढे न्यावंच लागणार होतं. वाफेचा दोष आहे म्हटल्यावर वाफ काढून दाखवायला हवी. प्रयोगशाळेतल्या बरणीत सिलिका जेलचे खडे होते. हे खडे हवेतलं पाणी शोषून घेतात, कोरडे असताना निळे असतात आणि ओल धरली की गुलाबी होतात. आमचे पार गुलाबी झाले होते. ओव्हन बंद पडलेलं. मी बरणी घरी आणली आणि जुन्या कढईत मंद आचेवर खडे भाजायला घेतले. सासूबाई दोनदा स्वयंपाकघरात येऊन गेल्या. तिसऱ्यांदा थांबल्या.

"हे काय भाजून राहिली?"

"खडे. पेटीत ठेवाचे हाय. हवा कोरडी कराले."

त्यांनी कढईत वाकून बघितलं. खडे कडेने निळे व्हायला लागले होते. "उलथनं चालव, खालचे जळतीन," म्हणाल्या आणि गेल्या. मला तेवढंही बरं वाटलं.

निळे खडे बशांमध्ये घालून मोजायच्या पेटीत ठेवले, झाकण लावून सगळ्या फटींना टेप मारली, आणि दुसऱ्या दिवशी घामाने निथळत रेघ घेतली. टेकडी आली. डावा उतार, माथा, उजवा उतार. दात नाहीत. मी स्क्रीनला हात लावून बघितला, उगीच. डोळे भरून आले ते काही घामाने नाही. सरांना लगेच फोटो पाठवला.

सरांचा फोन आला. आवाज चांगला मोठा होता. "उत्तम. पण परीक्षक म्हणतील, तुम्ही मधल्या काळात लेझरच सुधारलात. त्याच दिवशी, त्याच लेझरची, कोरड्या हवेतली आणि ओल्या हवेतली, दोन्ही मोजणी शेजारी ठेवा. दात पाण्याचेच आहेत हे तेव्हा सिद्ध होईल. ओली हवा करता येईल ना?"

येईल ना म्हणजे काय. किटलीत पाणी उकळून पेटीशेजारी ठेवलं असतं तरी झालं असतं. ओला टॉवेल टांगला असता तरी चाललं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी किटली शोधली नाही. घरी गेले, चपला न काढता अंगणात उभी राहिले आणि म्हटलं, "आई, तुमचा कूलर पाहिजे."

"कायले? काम बिघडवाले?"

"होव. उद्या मले दात पाहिजेत. मोठे मोठे. तुमच्या कूलरसारखे कोणाले पाडता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मी थट्टा करते आहे का ते तपासत. मग पदराने कूलरवरची धूळ पुसली. "पाणी मी भरीन," म्हणाल्या. "तुले भरता येत नाही, सांडतं."

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्यांदा माझ्या खोलीत आल्या. इतके जिने चढून दम लागला होता, तरी बसायच्या आधी सगळी खोली बघून घेतली. प्लायवूडची पेटी बघून, "एवढंसंच?" म्हणाल्या. आधी कोरडी रेघ घ्यायची होती. कूलर बंद, पंखा बंद, खिडकी उघडी. मी त्यांना खाली ऑफिसच्या गार वऱ्हांड्यात बसा म्हटलं. त्या हलल्या नाहीत. पुठ्ठ्याने स्वतःला वारा घालत बसल्या, मधूनच मला घालत. रेघ टेकडीचा माथा ओलांडून उतरली तरी त्यांचा पुठ्ठा थांबला नव्हता.

मग मी पेटीची टेप काढली, खडे बाहेर घेतले आणि म्हटलं, "आता भरा."

खोलीबाहेरच्या वऱ्हांड्यातल्या नळावरून त्यांनी बादली बादली पाणी आणलं. मला हात लावू दिला नाही. गोणपाटं भिजवून, पिळून, खिडकीला टांगली, अगदी नीट, कोपरे जुळवून, जशी त्या आयुष्यभर टांगत आल्या तशी. कूलर सुरू झाला. थोड्या वेळाने मी रेघ सोडली आणि त्यांची खुर्ची स्क्रीनसमोर ओढून दिली. चष्मा पुसून त्या बसल्या. रेघ सपाट निघाली, चढायला लागली, आणि चढावरच पहिला दात पडला. मग दुसरा. मग भराभर.

"हे माहं पाणी?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच."

"आन् मघाशी नव्हतं."

"नव्हतं."

शेवटपर्यंत त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. रेघ संपल्यावर म्हणाल्या, "तुहा उजेड दिसत नाही, पर माहं पाणी त्याच्यात दिसून राहिलं. मोजाचं म्हंजे असं होय तं." मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी चहा आणायला खाली गेले.

दोन्ही आलेख एका पानावर, वर कोरडा आणि खाली ओला, असे उत्तरासोबत गेले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी खालच्या आलेखावर बोट ठेवून विचारलं, "हवा ओली करायला कोणती सोय वापरलीत?" मी म्हटलं, "सासूबाईंचा कूलर." सभागृहात हसू फुटलं. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी मान हलवली, पान उलटलं आणि पुढचा प्रश्न विचारला. संध्याकाळी निकाल सांगितला तेव्हा सरांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, टेकडीचा आलेख फ्रेम करून हॉलमध्ये लावू. दोन्ही आलेखांच्या मोठ्या प्रती होत्याच. मी त्या सासूबाईंसमोर ठेवल्या, कोणती लावायची ते सांगा म्हणून. त्यांनी गुळगुळीत टेकडी हातात घेतली, चांगली आहे म्हणाल्या आणि माझ्याकडे परत दिली. मग दात फुटलेला कागद उचलून आपल्या खोलीत चालत्या झाल्या.

"आई, तो बिघडलेला आहे," मी मागून म्हटलं.

"तो साफवाला तुहा हाय, तू ठेव. ह्याच्यात मी हाय."

कागद त्यांच्या खोलीत परत आलेल्या कूलरच्या वर लावला. खिळा मी ठोकला.